तार, कापूस आणि कोळसा : वणीकडून पाहिलेले आंतरजाल

१

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळ येथे ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले आणि त्यावरून जे वादळ उठले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या वादाची उजळणी येथे करावयाची नाही. मला त्यातील एकच गोष्ट हवी आहे. जे भाषण यवतमाळच्या मांडवात व्हायचे होते ते तेथे झाले नाही. परंतु संमेलनाचा पडदा उघडण्याआधीच त्याचा मजकूर मराठी अनुवादासह गावोगावच्या भ्रमणध्वनींवर पोचला होता. व्यासपीठ नाकारले गेले तरी शब्द अडले नाहीत. ‘आंतरजालाला भिंत नसते, भार नसतो’ असे वाक्य त्या दिवसांत मीही वर्गात उत्साहाने उच्चारले होते.

भिंत नसते, हे त्या प्रसंगापुरते खरे ठरले. भार नसतो, हे मात्र खरे नाही. आणि हे ध्यानात येण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नव्हती. ज्या जिल्ह्यात तो मांडव उभा होता, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात, वणी तालुका आहे. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, निलजई, मुंगोली, घोन्सा ही तेथील गावांची नावे कोळसा खाणींचीही नावे आहेत. जमिनीवरची काळी माती उपसून बाजूला टाकायची, तिचे डोंगर रचायचे आणि खालचा काळा दगड काढून न्यायचा, हे काम तेथे रात्रंदिवस चालते. तो कोळसा मुख्यतः वीज बनवण्यासाठी जातो, आणि विजेखेरीज आंतरजालावरचे एकही अक्षर हलत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका रूपकात आहे. आपली छायाचित्रे, पत्रे, व्याख्याने आणि हस्तलिखिते आपण आता ‘ढगात’ ठेवतो. ‘क्लाउड’ हा शब्द मराठीतही जसाच्या तसा रुळला. या रूपकाची करामत अशी की ते वस्तूचे ठिकाणच पुसून टाकते. ढगाला मालक नसतो, पत्ता नसतो, धूर नसतो. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या मुलखात ढग या शब्दाला वर्षाच्या कमाईचे वजन आहे. जूनमध्ये तो आला नाही तर पेरणी उलटते. तो शब्द आपण अशा वस्तूला दिला की जिच्या पोटात लोखंडी कपाटे, तांब्याच्या तारा, थंड करणारी यंत्रे आणि कोळशावर तयार झालेली वीज आहे. रूपके तपासणे हे आपलेच काम आहे. म्हणून हा लेख.

२

संदेशाला भार नसतो ही समजूत आजची नाही. ती तारायंत्राइतकी जुनी आहे, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग ज्या प्रदेशांवर झाला त्यांत वऱ्हाड होता.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६० च्या दशकात त्याचे जिल्हे पाडण्यात आले. त्यांपैकी आग्नेयेकडच्या जिल्ह्याला वणीचे नाव मिळाले. इंग्रजी कागदपत्रांत तो ‘वून’ असा लिहिला जाई. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. म्हणजे आज कोपऱ्यातला तालुका वाटणारी वणी एकेकाळी जिल्ह्याची नामदात्री होती.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. पण वऱ्हाड तोवर जागतिक बाजाराच्या दोरीला बांधला गेला होता. इंग्रज सरकारने या भागासाठी खास कापूस आयुक्त नेमला. १८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी मुंबई ते एडन ते सुएझ अशी समुद्राखालून तार टाकली गेली आणि जूनपर्यंत मुंबई समुद्रमार्गेच लंडनशी जोडली गेली. त्याआधी १८६० च्या दशकाच्या मध्यापासून इराणच्या आखातातून तार जात होती. परंतु तिच्यावरून संदेश पोचायला कित्येक दिवस लागत आणि वाटेत मजकुराची मोडतोड होई. नव्या तारेने हे अंतर तासांवर आणले. वऱ्हाडातल्या बाजारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळू लागला.

कळू लागला तो व्यापाऱ्याला. वून जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती; कापूस बंडीत भरून हिंगणघाट किंवा धामणगावच्या दिशेने जाई. बंडीवाल्या कुणब्याच्या हाती माल होता, भाव नव्हता. माहिती वेगाने धावू लागली, पण ती सर्वांच्या दारी सारखी थांबली नाही. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० या वर्षांत वऱ्हाडात दुष्काळ पडला, तेव्हा तारही होती आणि रेल्वेही होती. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या ग्रंथात कापसाचा विस्तार आणि उपासमार या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या आहेत. वऱ्हाडच्या समृद्धीची सरकारी वर्णने वाचताना हा ग्रंथ हाताशी असावा.

१९०३ साली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. आपण तिला ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. कापूस नेण्यासाठी घातलेल्या त्या रुळांवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. कोळसा आणि कापूस यांची या जिल्ह्यातली सोयरीक अशी जुनी आहे.

३

आता त्या समुद्रतळाच्या तारेकडे वळू. तांब्याची तार खाऱ्या पाण्यात उघडी टाकली तर संदेश पाण्यातच विरून जाईल. तिला असे वेष्टण हवे की जे पाणी आत येऊ देणार नाही आणि समुद्राच्या थंड तळाशी तडकणार नाही. असा एकच पदार्थ त्या काळी ठाऊक होता : गटापर्चा. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांतल्या अरण्यांत वाढणाऱ्या एका झाडाचा हा चीक. मलायी लोक त्यापासून कोयत्याच्या मुठी आणि चाबूक घडवत. १८४० च्या दशकात तो युरोपात गेला आणि तारायंत्राच्या अभियंत्यांना जणू वरदान मिळाले. आपल्याकडे जुन्या पिढीला हा शब्द खेळण्यांमुळे माहीत होता. दंतवैद्य आजही दाताच्या मुळाची पोकळी याच पदार्थाने भरतात.

या झाडाचा चीक रबरासारखा चरे पाडून मुबलक गळत नसे. म्हणून झाडच तोडत, सालीला ठिकठिकाणी कड्या पाडत आणि मिळेल तेवढा चीक गोळा करून उरलेले खोड तेथेच कुजत ठेवत. वर्षानुवर्षे वाढलेल्या एका उंच वृक्षातून हाती लागे ती जेमतेम काहीशे ग्रॅमची लादी. एकेका लांब तारेला शेकडो टन गटापर्चा लागे. गणित करणाऱ्याने केले नाही, एवढेच. सिंगापूर बेटावरून हे झाड एकोणिसाव्या शतकातच जवळजवळ नाहीसे झाले. मग कुऱ्हाड मलायाच्या आत शिरली, मग सुमात्रा आणि बोर्निओकडे वळली. जॉन टली या इतिहासकाराने २००९ साली या प्रकरणावर लिहिताना त्याला ‘व्हिक्टोरियन काळातील पर्यावरणीय अरिष्ट’ असे म्हटले आहे.

खामगावच्या तारघरात भाव वाचणाऱ्याला बोर्निओतले पडलेले झाड दिसण्याचा संभव नव्हता. लंडनच्या वृत्तपत्रांत तारेचे वर्णन काळ आणि अंतर यांवरचा विजय असे होत असे. संदेश विजेच्या वेगाने जातो, म्हणजे तो जणू आत्म्यासारखा निराकार आहे, असा भाव त्या साऱ्या लेखनात आढळतो. ‘ढग’ हे रूपक त्याच घराण्यातले आहे.

पुढे काय झाले, हे आपल्या प्रश्नासाठी अधिक महत्त्वाचे आहे. तारा कमी पाठवा, असा उपदेश त्या काळी झाला नाही आणि झाला असता तरी उपयोग झाला नसता. बदल दोन वाटांनी आला. १८८५ च्या सुमारास डचांनी जावा बेटावर त्जिपेतिर येथे या झाडाची लागवड सुरू केली आणि पुढे झाड न तोडता पानांतून चीक काढण्याची रीत बसवली. नंतर १९३३ साली पॉलिथिनचा शोध लागला आणि काही वर्षांत समुद्रतारांचे वेष्टण बदलले. उपाय सापडला, पण तो अरण्य संपत आल्यावर आणि भाव चढल्यावर. प्रश्न आधी दिसला असता तर उपायही आधी निघाला असता. दिसला नाही, कारण झाड एका टोकाला होते आणि तारेचा उपभोग दुसऱ्या टोकाला.

४

आजची समुद्रतार काचेच्या तंतूंची आहे. ती आजही मुंबईच्याच किनाऱ्याला लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली, तेव्हाही मुंबई तिच्या मुख्य केंद्रांपैकी एक होती. किनारा जवळ, ग्राहक जवळ, पैसा जवळ. यामुळे विदाकेंद्रेही येथेच वाढली. नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे आणि पुढे पनवेल या पट्ट्यात ती उभी आहेत, आणि देशातील विदाकेंद्रांच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी एकट्या मुंबई परिसरात आहे.

त्यांना लागणाऱ्या विजेचा मागोवा घेऊ. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या औष्णिक वीज केंद्रांपैकी एक चंद्रपूरचे. त्याचा पहिला संच १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला; आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. चंद्रपूर आणि वणी यांच्यामध्ये फक्त वर्धा नदी आहे. दोन्ही तीरांवरच्या खाणी एकाच वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात मोडतात आणि बहुतांशी वेस्टर्न कोलफिल्ड्स या १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहेत. चंद्रपूरहून ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी निघते, ती ७५२ किलोमीटर धावून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला पोचते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. पूर्व विदर्भातली वीज मुंबईच्या परिसराला देणे, हाच तिचा हेतू. वीज एकदा जाळ्यात मिसळली की कोणता युनिट कोणत्या खाणीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा ‘हा चित्रपट उकणीच्या कोळशावर चालला’ असे म्हणणे चुकीचे होईल. परंतु पूर्वेकडे खाणी, पश्चिमेकडे विदाकेंद्रे आणि मधे ७५२ किलोमीटरची तार, हा नकाशा मात्र खराच आहे.

या कोळशाची ओळख इंग्रजांना फार पूर्वी झाली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थिओडोर ह्यूजेस यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा ग्रंथ १८७७ साली प्रसिद्ध झाला. नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण १८७० च्या दशकात चालू झाली आणि १९०६ साली बंद पडली. हा कोळसा ज्या खडकात सापडतो त्या खडकसमूहाला भूवैज्ञानिकांनी त्याच दशकात ‘गोंडवाना’ हे नाव दिले. पुढे एका प्राचीन महाखंडालाही तेच नाव मिळाले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेला हा शब्द गोंडांच्या भूमीवरून आलेला आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांत गोंड आणि कोलाम आजही राहतात. त्यांच्या नावाने खंड ओळखले गेले. त्यांच्या पायाखालचा कोळसा मात्र त्यांच्या नावावर कधीच नव्हता.

खुल्या खाणीचा अर्थ तिच्या काठावर राहणाऱ्याला विचारावा. शेत जाते, विहिरीचे पाणी खाली जाते, कोळशाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्यालगतच्या कापसावर काळी भुकटी बसते आणि पांढऱ्या बोंडाची प्रत उतरते. मोबदला मिळतो, नोकरीही एखाद्याला मिळते. गावाची घडी मात्र पुन्हा तशी बसत नाही. आणि ज्या जिल्ह्यातून कोळसा जातो तेथील शेतकऱ्याच्या पंपाला वीज कशी मिळत आली? आठवड्याच्या पाळीने : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. थंडीच्या मध्यरात्री हरभऱ्याला पाणी देण्यासाठी, साप-विंचवाच्या भीतीने विजेरी हाती धरून बांधावर जाणारा माणूस या वर्तुळाचा शेवटचा बिंदू आहे. २०१७ साली जाहीर झालेली आणि २०२३ पासून नव्याने वेग घेतलेली सौर कृषी वाहिनी योजना याच दुखण्यावर आहे; दिवसा वीज मिळणे ही येथे चैन मानली जात होती, हे ती योजनाच कबूल करते.

५

याच जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाकडे पाहण्याची एक जुनी दृष्टी आहे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीचा. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून परवान्याशिवाय गवत कापले आणि अटक करवून घेतली. दांडीला समुद्र होता, मीठ होते. यवतमाळला समुद्र नव्हता, जंगल होते. म्हणून येथला सत्याग्रह गवताचा झाला. त्या मूठभर गवताची बाजारात किंमत नगण्य होती. प्रश्न असा होता की डोळ्यांसमोरचे जंगल कोणाचे, आणि त्याचा नफा-तोटा कोणी ठरवायचा.

मला वाटते, आंतरजालाच्या पर्यावरणीय भाराचा विचार करताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत : मुठीचे माप आणि मुठीमागचा हक्क. केवळ माप धरले तर आपण स्वतःला दोष देत बसतो. केवळ हक्क धरला तर स्वतःकडे पाहतच नाही.

आधी माप. या विषयावर भीतिदायक आकडे फार सहज पसरतात. २०१९ साली फ्रान्समधील ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या संस्थेच्या नावाने असा आकडा जगभर गेला की अर्धा तास चित्रफीत पाहिल्याने १.६ किलो कर्बवायू हवेत जातो. बिट आणि बाइट यांच्या घोळामुळे तो आठपट फुगला होता. पुढे संस्थेनेच दुरुस्ती केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या विश्लेषणानुसार एक तास चित्रफीत पाहण्याला, पाहण्याचे यंत्र धरून, सरासरी ०.०७७ युनिट वीज लागते. आपल्याकडे एक युनिट औष्णिक विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तासाला सुमारे पन्नास ग्रॅम : अक्षरशः मूठभर. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने वर्षातले दोनशे दिवस रोज एक तास चित्रफिती पाहिल्या तर ९२० युनिटांच्या आसपास वीज लागेल, आणि ती सारी कोळशाची मानली तर सहाशे किलोंच्या आसपास कोळसा. तुलनेला सांगायचे तर दीड टनी वातानुकूलन यंत्र तासाभरात जेवढी वीज घेते तेवढीत वीसेक तास चित्रफिती पाहून होतात.

याचा अर्थ चिंता नको, असा नाही. त्याच संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातील विदाकेंद्रांनी २०२४ साली सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या वीजवापरात हा वाटा दीड टक्क्याच्या घरात आहे. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असा अंदाज आहे. मूठ लहान आहे, मुठी अगणित आहेत आणि वाढत आहेत.

मग वाचकाने करायचे काय? इतिहासातून दोन धडे निघतात, आणि त्यांत अतिशयोक्तीला जागा नाही.

पहिला धडा तारेच्या काटकसरीचा. माझे वडील तारेचा अर्ज भरताना शब्द मोजत. ‘कृपया’ खोडत, ‘आहे’ खोडत. उरलेल्या चार शब्दांत लग्न, मृत्यू किंवा बदली मावत असे. प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून प्रत्येक शब्दाला कारण लागे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. आता पाठवणाऱ्याला शब्दामागे काहीच पडत नाही. ‘सुप्रभात’ लिहिलेल्या फुलांच्या चित्रांनी भारतातील भ्रमणध्वनींच्या स्मृती भरून जातात, असे २०१८ साली गूगलच्या संशोधकांना आढळले होते. एका चित्राचा भार क्षुल्लक असतो हे खरे. पण ती सवय यंत्र लवकर भरवते, भरलेले यंत्र ‘जुने’ वाटू लागते, आणि मग नवे घेतले जाते. येथे खरी मेख आहे. भ्रमणध्वनीच्या आयुष्यातील कर्बभाराचा मोठा हिस्सा तो घडवतानाच खर्च झालेला असतो. म्हणून फुकटची चित्रे पुसून, विजेरी बदलून तोच भ्रमणध्वनी आणखी दोन वर्षे वापरणे हे शंभर ई-पत्रे न पाठवण्यापेक्षा मोठे काम आहे. मोठ्या दूरचित्रवाणी संचाला भ्रमणध्वनीच्या सुमारे शंभरपट वीज लागते. तेव्हा व्याख्यान ऐकायचेच असेल तर ते लहान पडद्यावर, किंवा पडद्याशिवाय नुसते ध्वनिरूपात ऐकावे. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींची सोय बंद ठेवावी. जे पुन्हा पुन्हा ऐकायचे ते एकदाच उतरवून घ्यावे.

मराठीच्या शिक्षकांना यातील एक काम विशेष जवळचे वाटेल. आपले अभ्यास-साहित्य बहुधा पानांची छायाचित्रे काढून केलेल्या जड धारिकांच्या रूपाने फिरते. दोनशे पानांच्या कादंबरीची अशी धारिका वीस-तीस मेगाबाइट सहज भरते. तोच मजकूर युनिकोड देवनागरीत टंकला तर, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात हे धरूनही, दीडेक मेगाबाइटच्या आत बसतो. शिवाय तो शोधता येतो, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येतो, आणि कोणत्याही स्वस्त यंत्रावर उघडतो. झरी-जामणीच्या विद्यार्थ्याकडे महागडे यंत्र नसते, जोडणी मंद असते. त्याच्यासाठी हलकी धारिका ही आधी न्यायाची गोष्ट आहे. कोळशाची बचत तिच्या मागोमाग येते.

६

दुसरा धडा हक्काचा. गटापर्चाची कहाणी बदलली ती वेष्टण बदलल्यावर. त्याचप्रमाणे येथला मुख्य बदल वीज कशापासून बनते आणि विदाकेंद्रांनी ती कोणत्या अटींवर घ्यावी, यांतच आहे. महाराष्ट्राचे धोरण विदाकेंद्रांना सवलती देते. सवलत ही सार्वजनिक पैशातून दिली जाते; तेव्हा प्रत्येक केंद्राने किती वीज घेतली, ती कोठून घेतली, थंडाव्यासाठी किती पाणी वापरले, याचा वार्षिक हिशेब लोकांपुढे ठेवावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. विदर्भात पाण्याच्या हिशेबाची निकड ठाऊक आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील औष्णिक प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून झालेला संघर्ष फार जुना नाही.

आणि या टोकाला, म्हणजे वणीकडे, एक कायदेशीर हत्यार आहे ज्याची चर्चा साहित्याच्या वर्गात कधी होत नाही. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. खाणचालकाने सरकारला द्यायच्या स्वामित्वधनाबरोबर त्याच्या ठरावीक टक्क्यांची वेगळी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची आणि ती प्रामुख्याने बाधित गावांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर, पर्यावरणावर खर्च व्हायची, अशी योजना आहे. ही रक्कम कोणत्या गावात, कशावर खर्च झाली, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. १९३० च्या जुलैत गवताच्या मुठीने जो प्रश्न विचारला, तोच येथे अर्जाच्या कागदावर विचारता येतो. तुरुंगात जावे लागत नाही.

नवी मुंबईतल्या कोणी चित्रपट पाहिला म्हणून वणीच्या शेतकऱ्याचा तो अपराधी ठरतो, असे मी म्हणत नाही. मीही पाहतो. हा लेखही विजेवरच लिहिला आहे आणि विजेवरच वाचला जाईल. यवतमाळच्या मांडवात न झालेले भाषण आपल्यापर्यंत आले, तेही याच वाटेने. ती वाट बंद व्हावी अशी इच्छा कोणी करणार नाही. एवढेच की वाटेचा खर्च कोणीतरी भरतो, आणि तो भरणारा आपल्या वाक्यांत कोठेही नसतो. एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांना बोर्निओचे झाड दिसले नाही; त्यांना दिसण्याची सोय नव्हती, असे म्हणून त्यांना माफ करता येईल. आपल्याला ती सवलत नाही. वणी यवतमाळहून तीन तासांच्या आत आहे.

पुढच्या सत्रात ‘रूपक’ शिकवताना मी ‘क्लाउड’ हा शब्द फळ्यावर लिहिणार आहे आणि त्याच्या शेजारी उकणी, जुनाड, घोन्सा ही नावे. विद्यार्थ्यांना काम एकच : स्वामित्वहक्क संपलेल्या एखाद्या जुन्या मराठी पुस्तकातले प्रत्येकी दहा पानांचे युनिकोड टंकलेखन. वर्ग साठांचा आहे. वर्षाअखेरीस तीन पुस्तके होतील. कोळसा त्याने फार वाचणार नाही. परंतु शब्दाला वजन असते, हे दहा पाने टंकून झाल्यावर बोटांना कळते, आणि सुरुवात तेथूनच होते असा माझा अनुभव आहे.